नागपूरचा जन्म, इंदूरचं मैदान : कर्नल सी. के. नायडू

आपल्या बेळगाव-निपाणी-खानापूर भागातून दरवर्षी कितीतरी मंडळी उज्जैन-ओंकारेश्वरच्या यात्रेला जातात. मुक्काम बहुतेकांचा इंदूरला असतो. राजवाडा बघायचा, सकाळी पोहे-जलेबी खायची, आणि विमानतळाच्या रस्त्यावर लागणाऱ्या बडा गणपतीला हात जोडायचे, हा ठरलेला क्रम. शेंदूर चढवलेली पंचवीस फुटांची बैठी मूर्ती, मान वर केल्याशिवाय मुखदर्शन होत नाही. देवळातून बाहेर पडलं की मल्हारगंजातून रस्ता थेट राजवाड्याकडं जातो. मल्हारगंज हे नाव कुणावरून आलं हे मराठी माणसाला सांगायला नको. होळकरांचं गाव ते. दुकानांच्या पाट्या हिंदी, पण जुन्या वाड्यांच्या दारांवर अजून कुलकर्णी, जोशी, शिंदे दिसतात.

याच गावात एक माणूस चव्वेचाळीस वर्षं राहिला. ना तो होळकर, ना मराठी. तेलुगु घराण्यातला, नागपूरला जन्मलेला. तरी त्याच्या काळात इंदूरचं नाव देशात निघालं की आधी त्याचं नाव निघायचं. कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजेच सी. के. नायडू. भारताचे पहिले कसोटी कर्णधार. ते जाऊन आता पन्नासहून अधिक वर्षं झाली. आजच्या पोरांना 'सी. के. नायडू करंडक' ही तरुण खेळाडूंची स्पर्धा माहीत असते, त्यामागचा माणूस नाही.

याचं एक कारण विजेत्यांच्या यादीतच आहे. गोल्फमधली अमेरिकेतली मास्टर्स स्पर्धा १९३४ साली सुरू झाली आणि आपली रणजी करंडक स्पर्धाही त्याच वर्षी. मास्टर्सच्या विजेत्यांची यादी काढली तर पहिलं नाव हॉर्टन स्मिथ, आणि पुढंही वर्षागणिक माणसांचीच नावं. रणजीच्या यादीत मात्र संघांची नावं असतात. मुंबई, नवानगर, हैदराबाद, बंगाल, महाराष्ट्र, बडोदा. त्यात चार ठिकाणी 'होळकर' असं लिहिलेलं आहे. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१, १९५२-५३. वाचणाऱ्याला वाटतं, कुण्या राजाचा संघ असेल. राजाचा होताच, पण त्या चारही वर्षी संघाच्या पुढं चालणारा माणूस नायडू होता. आणि पहिला करंडक उचलला तेव्हा त्याचं वय पन्नास होतं.

नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा. आजोबा नागपुरातले नावाजलेले वकील आणि जमीनदार, काँग्रेसच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी एक. वडील सूर्यप्रकाशराव केंब्रिजला जाऊन कायदा शिकून आलेले. काही काळ ते होळकर संस्थानच्या उच्च न्यायालयात न्यायाधीशही होते. म्हणजे इंदूरचा धागा मुलाच्या आधी बापाच्या वेळेपासूनचा. घरात तेलुगु, नागपूरच्या रस्त्यावर मराठी आणि हिंदी, शाळेत इंग्रजी. हिस्लॉप कॉलेजिएट शाळेत असताना क्रिकेट अंगात भिनलं. अंगापिंडानं सहा फुटांच्या वर, हातपाय लांब, खांदे सरळ. पुढं वय साठीकडं झुकलं तरी हा बांधा ढळला नाही.

त्या काळी मोठं क्रिकेट म्हणजे मुंबईतल्या धर्मवार स्पर्धा. हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन असे संघ, आणि सामने बघायला अख्खी मुंबई लोटायची. १९१६ साली हिंदू संघाकडून नायडू पहिला प्रथम श्रेणीचा सामना खेळले, समोर युरोपियन संघ. हे फलंदाजीला आले तेव्हा ७९ धावांत सात गडी गेले होते. पहिले तीन चेंडू नीट अडवले आणि चौथा सीमारेषेबाहेर उचलून टाकला. मोठ्या क्रिकेटमधली त्यांची पहिली धाव म्हणजे षटकार. आज वीस षटकांच्या सामन्यात हे रोजचं झालंय, पण १९१६ साली साहेबाच्या गोलंदाजाला, तेही संघ बुडत असताना, असं मारणं म्हणजे खेळातली उद्धटपणाची परिसीमा मानली गेली असती. लोकांना नेमकं तेच आवडलं.

१९२३ मध्ये महाराजा तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदूरला बोलावून घेतलं आणि आपल्या लष्करात कॅप्टन केलं. पुढं ते कर्नल झाले. संस्थानी क्रिकेटची हीच रीत होती. पगार लष्कराचा, काम मैदानावरचं. पतियाळा, बडोदा, नवानगर, सगळीकडं असंच चालायचं. या पद्धतीला नावं ठेवणारे तेव्हाही होते. पण एक गोष्ट मान्य करायलाच हवी, की पोटाची चिंता नसलेला खेळाडू हा प्रकार या देशात पहिल्यांदा संस्थानिकांनी आणला. नायडूंनी त्या पगाराचं चीज केलं.

त्यांचं नाव घराघरांत गेलं ते १ डिसेंबर १९२६ ला. आर्थर गिलिगनचा एम.सी.सी. संघ भारताच्या दौऱ्यावर आला होता आणि मुंबई जिमखान्यावर हिंदू संघाविरुद्ध त्याचा सामना होता. नायडू खेळायला आले आणि ११६ मिनिटांत १५३ धावा करून परतले. तेरा चौकार, अकरा षटकार. त्यातला एक चेंडू जिमखान्याच्या छपरावर जाऊन पडला. मैदानाच्या कडेची झाडं, आसपासच्या गच्च्या माणसांनी भरल्या. हापिसातून माणसं उठून मैदानाकडं आली असं त्या दिवसाचं वर्णन जुने लोक करायचे. एम.सी.सी.नं त्यांना चांदीची बॅट भेट दिली. या एका खेळीचा परिणाम धावांपेक्षा मोठा झाला. हिंदुस्थानचा संघ इंग्लंडशी बरोबरीनं कसोटी खेळू शकतो, असं गिलिगनलाही वाटू लागलं आणि त्यानं ते तिकडं बोलूनही दाखवलं. दोन वर्षांत, १९२८ साली, भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झालं.

मंडळ झालं, कसोटीचा दर्जा मिळाला, पण संघाचा कर्णधार कोण? १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी राजेरजवाडेच पुढं. आधी पतियाळाच्या महाराजांचं नाव, मग पोरबंदरचे महाराजा कर्णधार, लिंबडीचे राजपुत्र उपकर्णधार. देशात सविनय कायदेभंगाची चळवळ चालू होती, पुढारी तुरुंगात होते, म्हणून विजय मर्चंट यांच्यासारख्या मुंबईच्या काही खेळाडूंनी दौऱ्यावर जायलाच नकार दिला. जे गेले त्यांच्यात उत्तरेचे होते, दक्षिणेचे होते, हिंदू, मुसलमान, पारशी, शीख सगळे होते. पोरबंदरच्या महाराजांबद्दल एक चांगली गोष्ट सांगायला हवी. आपल्याला खेळता येत नाही हे त्यांना कळत होतं, आणि कळलेलं त्यांनी मानलंही. असं करणारे राजे थोडे. लिंबडीकर दुखापतीमुळं बाहेर होते. त्यामुळं लॉर्ड्सच्या पहिल्या कसोटीचं कर्णधारपद नायडूंकडं आलं.

ते सरळ आलं असं मात्र नाही. राजाच्या हाताखाली खेळू, पण आपल्यातल्याच एकाच्या हाताखाली खेळणार नाही, असं काही खेळाडूंच्या मनात होतं. सामन्याच्या आदल्या रात्री कुरबूर वाढली आणि शेवटी पोरबंदरच्या महाराजांनीच दरडावून सगळ्यांना मैदानावर उतरायला लावलं, अशी हकीकत जुन्या क्रिकेट लेखकांनी सांगितली आहे. नायडू शिस्तीचे फार कडक होते. क्षेत्ररक्षणात ढिलाई दिसली की तोंडावर बोलायचे. अशा माणसाला मित्र कमी आणि धाक जास्त. त्यांचा हा स्वभाव पुढंही त्यांना नडला.

२५ जून १९३२. भारताची पहिली कसोटी. समोर डग्लस जार्डिनचा इंग्लंड. निसार आणि अमरसिंग यांनी असा मारा केला की १९ धावांत इंग्लंडचे तीन गडी बाद. भारताच्या डावाचा पहिला चेंडू खेळला तो पुण्याजवळच्या फुलगावच्या जनार्दन नवले यांनी. (हे नवले पुढं पुण्यातल्या एका साखर कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी करत होते. भारताचा पहिला कसोटी चेंडू खेळलेला माणूस!) नायडूंच्या हाताला क्षेत्ररक्षण करताना जबर लागलं होतं. तसल्या हातानं त्यांनी ४० धावा केल्या, आणि पहिल्या डावात भारताकडून तीच सर्वांत मोठी धावसंख्या. सामना १५८ धावांनी हरला. पण चार दिवसांची कसोटी आपल्याला फक्त तीनच दिवसांची मिळाली होती आणि पूर्ण दौऱ्यावर एकच, हे लक्षात घेतलं तर ती हार लाजिरवाणी नव्हती.

त्या दौऱ्यात प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी १६१८ धावा काढल्या आणि ६५ बळी घेतले. छत्तीस वर्षांच्या माणसानं. विस्डेननं १९३३ मध्ये वर्षातल्या पाच खेळाडूंत त्यांना निवडलं. त्या वेळचा एक किस्सा आपल्या सीमाभागातल्या वाचकाला खास आवडेल. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानाला लागून रे नावाची छोटी नदी वाहते. त्या काळी ती वॉर्विकशायर आणि वूस्टरशायर या दोन परगण्यांची हद्द होती. नायडूंनी मारलेला एक षटकार त्या नदीपलीकडं गेला, म्हणजे चेंडू एका परगण्यात फेकला आणि दुसऱ्यात जाऊन पडला, असं सांगतात. कुठल्याही आयोगाविना सीमा ओलांडणारी एवढी एकच गोष्ट आपल्याला ठाऊक आहे.

१९३३-३४ मध्ये जार्डिनचा संघ इकडं आला, तेव्हा तीनही कसोट्यांत नायडूच कर्णधार. भारतातली पहिली कसोटी मुंबई जिमखान्यावर झाली. लाला अमरनाथ यांनी भारताचं पहिलं कसोटी शतक झळकावलं, ११८. समोरच्या टोकाला नायडू होते, ६७ धावांवर. दोघांनी मिळून १८६ जोडल्या. त्या जोडीतल्या थोरल्याचं नाव आज कुणी घेत नाही, तेही ठीकच. शतक ते शतक.

१९३६ चा इंग्लंड दौरा मात्र आठवू नये असा. विजयानगरमचे महाराजकुमार, ज्यांना सगळे विझी म्हणत, ते कर्णधार झाले. पोरबंदरकरांना जे कळत होतं ते यांना कळत नव्हतं, किंवा कळूनही चालत होतं. संघात तट पडले. अमरनाथ यांना कसोट्या सुरू व्हायच्या आधीच घरी पाठवलं. नायडूंच्या विरोधात जाईल त्याच्यावर कृपा, असा कारभार. बाका जिलानी नावाच्या खेळाडूनं नाश्त्याच्या टेबलावर सगळ्यांसमोर नायडूंचा पाणउतारा केला आणि त्याचं बक्षीस म्हणून ओव्हल कसोटीत त्याला जागा मिळाली, ही गोष्ट तर आजवर सांगितली जाते. नायडूही काही गरीब गाय नव्हते. संघातल्या तरुणांशी त्यांचं जमत नव्हतं, आणि आपलं न जमणं ते लपवतही नव्हते. पण त्याच ओव्हलवर, दुसऱ्या डावात, गबी ॲलनचा चेंडू त्यांच्या छातीवर आदळला. ते कळवळले, पण उभे राहिले. बॅट घेऊन पुन्हा खेळले आणि ८१ धावा केल्या. कसोटीतली त्यांची ती सर्वोच्च खेळी, आणि शेवटचीही. सात कसोट्या, ३५० धावा, नऊ बळी. एवढंच.

आकडे बघून आजचा मुलगा म्हणतो, यात काय विशेष? त्याला सांगायला पाहिजे की हा माणूस पहिली कसोटी खेळला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. ज्या वयात इतर लोक निवृत्तीचा विचार करतात, त्या वयात देशाला कसोटी मिळाली. त्याचा दोष त्याचा नव्हे. त्याचं खरं मोजमाप घ्यायचं तर इंदूरला परत यावं लागतं.

रणजी स्पर्धेत आधी ते मध्य भारताच्या, म्हणजे त्या वेळच्या सेंट्रल इंडियाच्या संघाकडून खेळत. १९४१-४२ पासून होळकर हा वेगळा संघ उतरू लागला. यशवंतराव होळकर तेव्हा गादीवर होते. पैसा त्यांचा आणि पारख नायडूंची. मुश्ताक अली तर इंदूरचाच, पोरवयात नायडूंनी हेरलेला. चंदू सरवटे सागरचे, पुढं इंदूरचेच होऊन गेले. बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ म्हणूनही त्यांचं नाव होतं. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, माधव जगदाळे, कमल भांडारकर, हिरालाल गायकवाड, आणि धाकटा भाऊ सी. एस. नायडू. नावं वाचली तर हा इंदूरचा संघ की कोल्हापूर-पुण्याचा, असा प्रश्न पडावा. सुरुवातीपासून गेलेल्यांनी तिथं एक वस्ती केली होती, हे त्यावरून दिसतं.

१९४४-४५ मध्ये होळकर पहिल्यांदा अंतिम फेरीत पोहोचले. समोर मुंबई. वेळेची मर्यादा नाही, सामना संपेपर्यंत खेळायचं. इंग्लंडचा डेनिस कॉम्पटन तेव्हा युद्धामुळं महूच्या छावणीत होता, त्यालाही होळकर संघात घेतलं. या सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून २०७८ धावा झाल्या. सी. एस. नायडू यांनी दोन डावांत मिळून ९१७ चेंडू टाकले. त्यांच्या खांद्याचं काय झालं असेल देव जाणे. विजय मर्चंटनी २७८ काढल्या आणि होळकरांपुढं ८६७ चं लक्ष्य आलं. ते गाठणं शक्यच नव्हतं. कॉम्पटन २४९ वर नाबाद राहिला, तरी होळकर ३७४ धावांनी हरले. शंभराच्या पुढच्या प्रत्येक धावेला पन्नास रुपये देतो, असं एका इंदुरी शेठजींनी कॉम्पटनला कबूल केलं होतं म्हणे. सामना संपल्यावर शेठजींचा निरोप आला, की तातडीच्या कामाला कलकत्त्याला निघालो आहे. हिशेब केला तर साडेसात हजारांच्या घरात रक्कम जाते, त्या काळी!

पुढच्याच हंगामात सगळं फिरलं. इंदूरला उपांत्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध होळकरांनी आठ बाद ९१२ धावा करून डाव सोडला. एकाच डावात सहा शतकं: भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंग. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये असं आधी कधी झालं नव्हतं. मग अंतिम सामना बडोद्याशी. बडोद्याकडं सांगलीचे विजय हजारे. या सामन्यात नायडूंनी २०० धावा काढल्या. आयुष्यातली सर्वोच्च खेळी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी. होळकर ५६ धावांनी जिंकले आणि करंडक राजवाड्याच्या गावात आला.

हजाऱ्यांनी वर्षभरात उट्टं काढलं. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात त्यांनी २८८ आणि गुल महंमद यांनी ३१९ काढल्या. चौथ्या गड्यासाठी दोघांची ५७७ धावांची भागी. होळकरांचा एक डाव आणि ४०९ धावांनी धुव्वा उडाला. दुसरा संघ असता तर वर्ष-दोन वर्षं वर डोकं काढलं नसतं. होळकरांनी पुढच्याच वर्षी इंदूरला मुंबईला नऊ गडी राखून हरवलं.

विजेत्यांच्या यादीत जरा बोट ठेवून बघा. १९४४-४५ पासून १९५३-५४ पर्यंतची दहा वर्षं. मुंबई चार वेळा, होळकर चार वेळा, बडोदा दोन वेळा. चौथा संघच नाही. होळकरांचं इंदूर, गायकवाडांचं बडोदं आणि मुंबई, या तीन गावांनी दहा वर्षं करंडक आपसांत फिरवत ठेवला. त्यांतली दोन आज महाराष्ट्राच्या नकाशात नाहीत. आणि नायडूंच्या नेतृत्वाखाली होळकर संघ नऊ वर्षांत आठ वेळा अंतिम फेरीत होता. हे जमवणारे कर्णधार मुंबईबाहेर किती, ते शोधून बघावं.

यातला एक सामना हरलेला, पण तोच जास्त सांगितला जातो. १९५१-५२ ची मुंबईतली अंतिम लढत. नायडू छप्पन्न वर्षांचे. गोलंदाज दत्तू फडकर, जन्मानं कोल्हापूरचे, त्या वेळचे देशातले आघाडीचे जलद गोलंदाज. त्यांचा एक उसळता चेंडू थेट नायडूंच्या तोंडावर बसला. दोन दात पडले, रक्त आलं. धावत आलेल्या माणसांना त्यांनी हातानं परत पाठवलं. खेळपट्टीवर पडलेले दात बॅटनं बाजूला सारले आणि पुढचा चेंडू टाकायची खूण केली. बिचकलेल्या फडकरांनी वेग कमी केला तेव्हा ते उलट रागावले, असंही सांगतात. मुंबई तो सामना ५३१ धावांनी जिंकली. पुढच्या वर्षी कलकत्त्यात बंगालला मागं टाकून होळकरांनी चौथा करंडक घेतला. कर्णधार सत्तावन्न वर्षांचा.

दरम्यान संस्थान कधीच गेलं होतं. १९४८ मध्ये होळकर राज्य मध्य भारतात विलीन झालं. राज्य नाही, पण संघाचं नाव होळकर, असा प्रकार काही वर्षं चालला. १९५४-५५ च्या अंतिम सामन्यात, इंदूरलाच, मद्रासकडून ४६ धावांनी हरल्यावर तेही नाव संपलं. तेव्हा नायडू संघात नव्हते.

आणि मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. आपल्या भागात हा दिवस काळा दिवस म्हणून पाळतात. बेळगाव त्या दिवशी म्हैसूर राज्यात गेलं. पण त्याच दिवशी नकाशावर आणखी एक उलथापालथ झाली. त्याआधी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि इंदूर मध्य भारतात. त्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात आलं आणि इंदूर मध्य प्रदेशात गेलं. नायडूंना आदल्याच दिवशी एकसष्ट वर्षं पूर्ण झाली होती. वाढदिवसाला झोपताना जन्मगाव मध्य प्रदेशात होतं. सकाळी उठून बघतात तर मध्य प्रदेशात आपण आहोत आणि जन्मगाव दुसरीकडं गेलंय. राज्य कुठलं, भाषा कुठली, असं त्यांना कुणी विचारलं असतं तर उत्तर सोपं नव्हतं. तेलुगु बोलणाऱ्यांचा आंध्र, जन्माचं मराठी नागपूर, मराठी राजानं दिलेलं हिंदी इंदूर. आपल्याकडच्या अनेक घरांत अशीच उत्तरं असतात, म्हणून हा तपशील जरा लांबवून सांगितला.

गंमत म्हणजे त्या हंगामात ते या सगळ्या राज्यांना सोडून उत्तर प्रदेशच्या रणजी संघाचे कर्णधार होते. वय एकसष्ट. प्रथम श्रेणीचा शेवटचा सामना तर ते १९६३-६४ मध्ये खेळले, अडुसष्टाव्या वर्षी, महाराष्ट्राच्या राज्यपालांच्या संघाकडून मुख्यमंत्र्यांच्या संघाविरुद्ध. १९१६ ते १९६३. एकूण २०७ सामने, ११,८२५ धावा, २६ शतकं, ४११ बळी.

मानसन्मान आले. १९५६ मध्ये पद्मभूषण मिळालं, ते मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू. निवड समितीचे अध्यक्ष झाले, मंडळाचे उपाध्यक्ष झाले. त्याच्या कितीतरी आधी, १९४१ साली, बाथगेट कंपनीच्या लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीत त्यांचा चेहरा झळकला होता. खेळाडूनं जाहिरात करण्याची आपल्याकडची ती सुरुवात. त्यांची मुलगी चंद्रा नायडू इंदूरला इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या. क्रिकेटचं धावतं वर्णन करणाऱ्या देशातल्या पहिल्या महिलांपैकी त्या एक. वडिलांवर त्यांनी पुस्तक लिहिलं. २०२१ मध्ये त्याही गेल्या.

कर्नल नायडूंचं निधन १४ नोव्हेंबर १९६७ ला इंदूरमध्येच झालं. वय बहात्तर. १९९४ पासून क्रिकेट मंडळ त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. पहिला पुरस्कार गेला लाला अमरनाथ यांना, त्याच जिमखान्यावरच्या १८६ धावांच्या भागीदाराला.

करंडकाचं पुढं काय झालं तेही सांगायला हवं. होळकर गेल्यावर मध्य प्रदेशच्या संघाला तो मिळेना. १९९८-९९ मध्ये अंतिम फेरी गाठली, पण बेंगळूरला कर्नाटकनं हरवलं. त्या वेळी मध्य प्रदेशचा कर्णधार होता मुंबईकर चंद्रकांत पंडित. तेवीस वर्षांनी, २६ जून २०२२ ला, त्याच बेंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशनं मुंबईला सहा गडी राखून हरवलं आणि पहिल्यांदा रणजी जिंकली. प्रशिक्षक पुन्हा पंडितच. अंतिम सामन्यात शतक ठोकणाऱ्यांत इंदूरचा रजत पाटीदार होता.

त्याआधी साडेचार वर्षांपूर्वीची गोष्ट. इंदूरच्या जुन्या उषाराजे मैदानाचं नाव २०१० मध्ये बदलून होळकर स्टेडियम केलं होतं. २०१७-१८ चा रणजीचा अंतिम सामना तिथं ठरला. एका बाजूला दिल्ली, दुसऱ्या बाजूला कधीही अंतिम फेरी न पाहिलेला विदर्भ. फैज फजल कर्णधार, पंडित प्रशिक्षक. रजनीश गुरबाणीनं हॅटट्रिक घेतली आणि १ जानेवारी २०१८ ला विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. सी. के. नायडूंच्या जन्मगावानं पहिला रणजी करंडक मिळवला तो त्यांच्या इंदूरमध्ये. त्याच आठवड्यात तो नागपूरला पोहोचला.